आधी कारण, मग पाना: घरच्या घरी सायकल दुरुस्ती

"नवी ट्यूब टाकली, तरी चार दिवसांत चाक पुन्हा बसलं." "दर आठवड्याला चेनला तेल देतो, तरी करकर थांबत नाही." "ब्रेक आवळला की चाक घासतं, सैल केला की सायकल थांबत नाही." सायकल वापरणाऱ्या वाचकांकडून हे तीन प्रश्न सतत येतात. तिन्हींत एकच गोष्ट राहून गेलेली असते. भाग बदलला जातो किंवा आवळला जातो, पण बिघाड कशाने झाला हे कुणी पाहिलेले नसते. ट्यूब नवी येते आणि टायरमधला काटा तसाच राहतो.

सायकलचे बहुतेक भाग उघड्यावर असतात. पाच मिनिटे नीट पाहिले तर बऱ्याच दुखण्यांचे मूळ सापडते आणि निम्मी कामे घरी होतात. उरलेली कामे दुकानात न्यायची असली, तरी नेमके काय बिघडले आहे हे सांगता आले की वेळ आणि पैसे दोन्ही वाचतात. गाव-तालुक्यात मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलीवर शाळेला जाणाऱ्या मुली आहेत. अशा घरांत एका पंक्चरने शाळेचा दिवस बुडू शकतो, म्हणून ही कामे घरातल्या एकाला तरी यायला हवीत.

घरात एवढे सामान असू द्या

- गेज असलेला, पायाने दाबून धरायचा पंप. घेताना तुमच्या व्हॉल्व्हला बसतो का, ते पाहा.
- प्लास्टिकचे दोन टायर लिव्हर. स्क्रू ड्रायव्हरने टायर काढू नका, त्याच्या टोकाने ट्यूबला नवे भोक पडते.
- पंक्चरचे पॅच, सोल्युशनची ट्यूब आणि पॉलिश पेपरचा तुकडा.
- 8, 10 आणि 15 मिलिमीटरचे पाने. 4, 5, 6 मिलिमीटरच्या ॲलन की. एक चपटा आणि एक फुलीचा स्क्रू ड्रायव्हर.
- चेनचे तेल, जुना टूथब्रश, चिंध्या.

नटावर पक्कड लावायची सवय मोडा. नटाचे कोपरे एकदा झिजले की नेमका पानाही त्यावर बसत नाही.

पंक्चर: भोक कुठे आहे, ते काय सांगते

ट्यूब बाहेर काढण्याआधी टायरवर व्हॉल्व्हच्या समोर खडूने खूण करा. भोक सापडल्यावर ट्यूब टायरला लावून धरली की टायरच्या नेमक्या कोणत्या भागात शोधायचे ते कळते. ट्यूबमध्ये हवा भरून ती पाण्याच्या बादलीतून थोडी थोडी फिरवा, बुडबुडे येतील तिथे खूण करा आणि मग भोकाची जागा पाहा.

- टायरकडच्या बाजूला एक भोक: काटा, काच किंवा तार. पावसाळा संपला की वाळलेले सराटे आणि बाभळीचे काटे रस्त्याकडेला पडलेले असतात. टायरच्या आतून कापडाची चिंधी फिरवा, काटा असेल तिथे ती अडकते. उघडे बोट फिरवू नका, काच लागते.
- शेजारी शेजारी दोन भोके: हवा कमी होती आणि चाक खड्ड्यात आपटले. टायर आणि रिमच्या कडांमध्ये ट्यूब चिमटली. इथे काटा शोधून मिळणार नाही. पॅच लावा आणि पुढे हवा पुरेशी ठेवा.
- रिमकडच्या बाजूला भोक: रिमवरची पट्टी सरकली किंवा फाटली आहे आणि आऱ्याचे टोक ट्यूबला टोचते आहे. वर आलेले टोक कानशीने सपाट करा आणि पट्टी बदला. हे न करता ट्यूब बदलाल, तर नवी ट्यूबही तिथेच फुटेल.
- व्हॉल्व्हच्या बुडाशी चीर: कमी हवेत सायकल चालवल्याने टायर-ट्यूब रिमवर सरकली आणि व्हॉल्व्ह ओढला गेला. इथे पॅच टिकत नाही, ट्यूब बदला.

भोक सापडलेच नाही, तर व्हॉल्व्ह तपासा. साध्या काळ्या सायकलींच्या व्हॉल्व्हमध्ये आतल्या पिनीवर बारीक रबरी नळी चढवलेली असते. ती उन्हाने आणि वयाने चिरते. व्हॉल्व्हच्या तोंडावर पाण्याचा थेंब ठेवा. तो फुगला तर ही नळी बदला. अगदी स्वस्तातली वस्तू आहे, दोन-चार तुकडे जवळ असू द्या.

पॅच लावताना:

1. भोकाभोवती पॅचपेक्षा थोडी मोठी जागा पॉलिश पेपरने घासा. रबराची चकाकी गेली पाहिजे.
2. सोल्युशनचा पातळ थर द्या.
3. चार-पाच मिनिटे थांबा. बोटाला चिकटेनासे झाले की मगच पॅच ठेवा. पॅच सुटतात ते बहुतेक इथल्या घाईने.
4. पॅच मधून कडेकडे जोराने दाबा.
5. ट्यूबमध्ये आकार येण्याइतकी थोडी हवा भरून ती टायरमध्ये घाला. टायरची शेवटची कड हाताच्या अंगठ्यांनी चढवा.
6. पूर्ण हवा भरण्याआधी चाक फिरवून दोन्ही बाजूंनी पाहा. टायर आणि रिमच्या मध्ये ट्यूब कुठे डोकावत असेल, तर ती आत ढकला.

हवा किती? टायरच्या बाजूवर मर्यादा छापलेली असते, तिच्या आत राहा. रुंद टायरला कमी आणि अरुंद टायरला जास्त दाब लागतो. अंगठ्याने दाबून अंदाज घेण्यापेक्षा गेज पाहा. वापर नसला तरी ट्यूबमधली हवा हळूहळू कमी होतेच.

नवा टायर घेताना नुसते "सव्वीसचा द्या" म्हणू नका. 26 × 1.95 आणि 26 × 1 3/8 हे दोन्ही सव्वीस म्हणून विकले जातात, पण एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. टायरवर 50-559 किंवा 37-590 असा जोडआकडाही असतो. त्यातला नंतरचा तीन अंकी आकडा जुळलाच पाहिजे.

चेन: तेलाआधी सफाई

करकर ऐकली की आपण वरून तेल ओततो. जुन्या तेलात धूळ मिसळून झालेला काळा लगदा तसाच राहतो आणि चेनला पॉलिश पेपरसारखा घासतो. आधी तो काढा.

1. चिंधी किंचित डिझेलमध्ये भिजवून चेनभोवती धरा आणि पायडल उलटे फिरवा. टूथब्रशने सांध्यांतला मळ काढा. हे काम उघड्या हवेत करा. पेट्रोल वापरू नका, ते चटकन पेट घेते.
2. कोरड्या चिंधीने पुसून चेन पूर्ण वाळू द्या.
3. चेनच्या आतल्या बाजूने एकेका रोलरवर तेलाचा एक थेंब सोडा आणि पूर्ण एक फेरी करा.
4. पायडल मिनिटभर फिरवून तेल आत जिरू द्या.
5. बाहेरचे तेल पुसून टाका. तेल सांध्याच्या आत हवे. बाहेर राहिलेले तेल फक्त धूळ गोळा करते.

खोबरेल तेल चेनला वापरू नका. साधारण 24 अंशांखाली ते गोठते, म्हणजे नाशिक-पुण्याच्या थंडीत चेनवर पांढरा थर दिसतो. एरवीही ते चिकट होत जाते. गंज सोडवायच्या फवाऱ्याने चेन साफ होते, पण नंतर तेल द्यावेच लागते.

चेन झिजली का, ते पट्टीने मोजा. चेनच्या दोन पिनांमधले अंतर अर्धा इंच असते. एका पिनेच्या मध्यावर पट्टीचा शून्य ठेवा आणि तिच्यापुढच्या 24 पिना मोजा. नव्या चेनची चोविसावी पिन बरोबर 12 इंचांवर येते. अर्धा सूत पुढे गेली असेल, तर चेन बदला. पूर्ण सूतभर पुढे गेली असेल, तर मागचे दातेही चेनबरोबर झिजले असण्याची दाट शक्यता आहे. मग एकटी नवी चेन जोर दिला की दात्यांवरून घसरते. चेन वेळेत बदलली तर दात्यांचा खर्च टळतो.

बिनगिअरच्या सायकलची चेन उतरत असेल, तर ताण पाहा. चेनच्या मधोमध बोटाने वर-खाली हलवली तर अर्धा ते पाऊण इंच हलावी. जास्त हलत असेल तर मागचे दोन्ही नट सैल करा, चाक मागे ओढा आणि ते दोन दांड्यांच्या बरोबर मध्ये ठेवून नट आवळा. चेन फार ताणू नका, हबमधले छर्रे लवकर खराब होतात. आवळल्यावर पायडलची पूर्ण फेरी करून पाहा. पुढचे चक्र किंचित वाकडे असले, तर चेन एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी सैल होते. ताठ जागेवरही थोडी ढील उरली पाहिजे.

ब्रेक: आवाज, घसरण आणि घासणे

ब्रेकमध्ये तात्पुरता जुगाड चालत नाही. दुरुस्तीनंतर सायकल हाताने ढकलत दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून पाहा, मगच वर बसा.

रिमवरचे ब्रेक

- किंचाळत असतील तर ब्रेकचे रबर काढून उन्हात धरा. काळ्या रबरात चमकणारे बारीक ठिपके दिसतात. ते रिमच्या ॲल्युमिनियमचे कण असतात आणि तेच पुढे रिम खात राहतात. टाचणीच्या टोकाने एकेक कण उकरून काढा आणि रबर पॉलिश पेपरवर घासा. रिम पुसून घ्या. रबराची पुढची कड रिमला किंचित आधी टेकेल असे बसवा.
- लिव्हर हँडलला टेकत असेल तर केबल शिरते तिथला, बोटाने फिरणारा नट बाहेरच्या दिशेला फिरवा, केबल ताणली जाते. तो संपला तर ब्रेकपाशी केबलचा नट सोडून केबल ओढून घ्या.
- एकच बाजू घासत असेल तर आधी चाक मधोमध बसले आहे का ते पाहा. बसले असेल, तर त्या बाजूच्या ब्रेकच्या हाताचा बारीक स्क्रू थोडा आवळा.
- रबर रिमवरच टेकते ना, ते जवळून पाहा. वर सरकले तर टायर कापते, खाली सरकले तर आऱ्यांत अडकते.
- रबरातल्या खाचा बुजल्या असतील, तर जोडी बदला. केबलची एखादी जरी तार तुटलेली दिसली, तरी केबल बदला.

डिस्क ब्रेक

- डिस्कला तेल लागू देऊ नका, बोटेही लावू नका. चेनला तेल देताना फवारा वापरत असाल तर डिस्क झाका. तेल लागलेच तर डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पॅडमध्ये तेल मुरले असेल तर बहुधा पॅडच बदलावे लागतात.
- घासण्याचा आवाज येत असेल, तर कॅलिपरचे दोन बोल्ट सैल करा, ब्रेक दाबून धरा आणि त्याच स्थितीत बोल्ट आवळा. तेलाच्या दाबाच्या डिस्कचे कॅलिपर असे पुष्कळदा मधोमध बसते. केबलच्या डिस्कमध्ये बहुधा एकच पॅड हलतो, तिथे दुसऱ्या पॅडचे अंतर त्याच्या स्क्रूने वेगळे जुळवावे लागते.
- तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचे चाक काढलेले असताना लिव्हर दाबू नका. पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक परत बसत नाही.

गिअर: आधी केबल, स्क्रू सर्वांत शेवटी

गिअर अडखळला की चेन सरकवणाऱ्या मागच्या डिरेलरचे दोन छोटे स्क्रू फिरवण्याचा मोह होतो. ते स्क्रू चेन दोन्ही टोकांना किती जाऊ द्यायची, एवढेच ठरवतात. मधल्या गिअरची अडखळण बहुतेक वेळा केबलच्या ताणाची असते.

1. चेन सर्वांत लहान दात्यांवर आणा आणि पायडल फिरवत एक क्लिक द्या.
2. चेन पुढच्या मोठ्या दात्यांवर चढत नसेल, तर डिरेलरपाशी केबल शिरते तिथला नट घड्याळाच्या उलट दिशेने अर्धा फेरा फिरवा.
3. चेन चढते, पण त्याही पुढच्या दात्यांना घासत असेल, तर तोच नट उलटा पाव फेरा फिरवा.
4. चढताना ठीक, पण उतरताना अडत असेल, तर केबल आत गंजली आहे. केबल आणि तिचे बाहेरचे आवरण दोन्ही बदला.

सायकल उजव्या बाजूवर पडल्यानंतर गिअर बिघडले असतील, तर मागून पाहा. डिरेलरची दोन छोटी चाके आणि वरचे दाते एका उभ्या रेषेत नसतील, तर डिरेलर अडकवलेला पत्रा वाकला आहे. तेव्हा सर्वांत हलका गिअर टाकू नका. डिरेलर आऱ्यांत गेला तर मागचे चाक जागच्या जागी अडकते. ही सायकल दुकानात न्या.

चाक आऊट असेल तर

सायकल उलटी करून चाक फिरवा आणि ब्रेकचे रबर खूण म्हणून वापरा. रिम उजवीकडे झुकत असेल, तर त्या जागेवरचे डावीकडून आलेले आरे थोडे आवळा आणि उजवीकडचे तेवढेच सैल करा. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नको. आऱ्याच्या रिमकडच्या टोकावरची निपल कोणत्या दिशेने फिरवायची यात गोंधळ होतो. चाकाच्या वरच्या भागात, टायरच्या वरून खाली पाहताना घड्याळाच्या दिशेने फिरवली की आरा आवळला जातो. नेमक्या मापाची आऱ्याची चावीच वापरा.

आरा तुटला असेल, रिम खड्ड्यात आपटून चेपली असेल किंवा चाक वर-खाली उड्या मारत असेल, तर घरी हात घालू नका.

कटकट, डगडग: खेळ कुठे आहे ते शोधा

- दर फेरीला पायडलखाली "टक" होते: क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, पकडून फ्रेमकडे आणि बाहेर हलवून पाहा. जुन्या सायकलीत कॉटर पिन सैल होते, नव्या सायकलीत क्रँकचा बोल्ट. लगेच आवळा. सैल क्रँकवर चालवत राहिलात तर क्रँकचे भोक खाल्ले जाते आणि मग आवळूनही ती टिकत नाही.
- पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकलल्यावर हँडलखाली खटखट: हँडलच्या नळीतल्या छर्ऱ्यांचा खेळ आहे.
- चाक धरून डावी-उजवीकडे हलवल्यावर डगमग: हबचे कोन सैल आहेत. कोन आवळताना खेळ जावा आणि चाक तरी मोकळे फिरावे. त्यासाठी पातळ पाने लागतात. ते नसतील तर दुकानात करून घ्या.

दोन ठिकाणी आटे उलटे असतात. डावे पायडल घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटते. क्रँकच्या आसाची उजवी वाटीही बहुतेक सायकलींत उलट्या आट्यांची असते. हे ठाऊक नसताना जोर लावला की आटे जातात आणि भाग बदलावा लागतो.

क्विक रिलीज असलेल्या चाकाची लिव्हर नटासारखी गोल फिरवून घट्ट करू नका. समोरचा नट हाताने जुळवा आणि लिव्हर दाबून बंद करा. बंद करताना तळहातावर वळ उमटेल इतका जोर लागला पाहिजे.

ही कामे दुकानातच

- फ्रेम किंवा पुढच्या चिमट्याला तडा, वाकलेला चिमटा. इथे घरगुती उपाय नाही. अशा सायकलवर बसू नका.
- तेलाच्या दाबाच्या ब्रेकमधली हवा काढणे.
- गंजून अडकलेली क्रँकची वाटी, सीटची नळी किंवा पायडल.
- कार्बनच्या फ्रेमवरचे कोणतेही आवळण्याचे काम, आवळण्याचा जोर मोजणारा पाना नसेल तर.

दुकानात गेल्यावर तुमचे हक्क

- काम सुरू होण्याआधी मजुरी आणि सुट्या भागांची किंमत वेगवेगळी विचारा. बिघाड तुमच्या शब्दांत लिहून द्या आणि सायकलचा फोटो काढून ठेवा.
- बदललेले जुने भाग परत मागा. काय बदलले, ते त्यावरून कळते.
- पाकीटबंद ट्यूब, टायर किंवा केबलला छापील कमाल किरकोळ किमतीपेक्षा जास्त पैसे मागता येत नाहीत.
- बिल घ्या. नव्या सायकलच्या बिलावर फ्रेमचा क्रमांक लिहून घ्या. तो बहुधा क्रँकच्या खाली कोरलेला असतो. चोरीची तक्रार आणि वॉरंटी, दोन्हींसाठी तो लागतो.
- टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर हे झिजणारे भाग सहसा वॉरंटीत येत नाहीत. फ्रेम आणि चिमट्याची वॉरंटी वेगळी असते. कंपनीच्या माणसाकडून जोडणी केली नाही तर वॉरंटी रद्द होते का, ते ऑनलाइन सायकल घेण्याआधीच वाचा.
- सदोष सायकल किंवा निकृष्ट दुरुस्तीबद्दल दुकानदार दाद देत नसेल, तर आधी लेखी तक्रार करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेही जाता येते. मुदत कारण घडल्यापासून 2 वर्षे. दिलेली रक्कम 5 लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही.

देखभालीचे वेळापत्रक

- दर वेळी निघताना: हवा, दोन्ही ब्रेक, चाकांचे नट किंवा लिव्हर.
- दर आठवड्याला: टायरमध्ये रुतलेल्या काचा आणि काटे काढा, चेन पुसा, गरज असेल तर तेल द्या.
- पावसात भिजल्यावर: त्याच दिवशी चेन पुसून तेल द्या. सीटच्या नळीतले पाणी काढण्यासाठी सायकल थोडा वेळ उलटी ठेवा. जोराच्या पाण्याच्या फवाऱ्याने हब धुऊ नका, आतले ग्रीस निघून जाते.
- दर महिन्याला: चेन पट्टीने मोजा, सगळे नट-बोल्ट तपासा, चाकांचा आऊट पाहा.
- वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर: हब, क्रँक आणि हँडलचे छर्रे उघडून ग्रीस बदला किंवा बदलून घ्या. सीटच्या नळीलाही ग्रीस लावा, म्हणजे ती फ्रेममध्ये अडकून बसत नाही.

सुरुवात पंक्चर आणि चेनपासून करा. ही दोन कामे हातात बसली की ब्रेककडे वळा, गिअर आणि चाक त्यानंतर. घरातल्या मुलांना शेजारी बसवून करा, त्यांनाही एकेक काम स्वतः करू द्या. आणि ब्रेक, चिमटा किंवा हँडल यांतल्या कशाबद्दलही मनात शंका असेल, तर ती फिटेपर्यंत सायकल रस्त्यावर काढू नका.